आगटी आणि तवा

माघ लागला की सातारा-सांगलीच्या पूर्व भागात एकाच दिवसात दोन ऋतू नांदतात. पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर असतो, अंगावरची वाकळ टाकवत नाही. आणि दुपारी तोच पारा तिशीला टेकलेला असतो. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, रस्त्याकडेच्या बाभळी धुळीनं भुरक्या झालेल्या. ज्या कासच्या पठारावर भाद्रपदात फुलं पाहायला रांगा लागतात, तिथं या दिवसांत करड्या गवताखेरीज फारसं काही उरलेलं नसतं. पर्यटक तेव्हा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीकडे किंवा बामणोलीहून लाँचनं वासोट्याकडे वळतात. पण माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या कमी पावसाच्या तालुक्यांत हिवाळा सरत असताना घराबाहेर पडायचं एक वेगळंच कारण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. शाळू हुरड्यात आलेला असतो. या दिवसांतलं ‘हुरड्याला या’ हे आमंत्रण ठरावीक तारखेचं नसतं, कारण तारीख घर ठरवत नाही, कणीस ठरवतं. माझं म्हणणं असं आहे की हुरड्याची ही शिवारातली सहल आणि घरातल्या चुलीवरचा भाकरीचा तवा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. तवा थंडावला की आगटीही विझते. आणि गेली काही वर्षं हुरड्याचं कौतुक वाढत चाललं आहे, ते नेमकं घराघरांतला तवा थंडावत असतानाच.

हुरडा म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या वाचकासाठी आधी नीट सांगायला हवं, कारण अनेकांना तो ज्वारीचा एक वेगळा प्रकार वाटतो. हुरडा ही ज्वारीच्या दाण्याची एक अवस्था आहे. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरतात. त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतोच. खोल काळ्या मातीनं धरून ठेवलेली ओल आणि रात्रीचं दव यांवर हे पीक उभं राहतं. ते पोटरीत येतं, निसवतं, फुलोरा धरतं आणि मग दाण्यात चीक भरू लागतो. सुरुवातीला दाणा दाबला तर पांढरं दूध बाहेर येतं. पुढं हा चीक घट्ट होत जातो. नखानं दाबला तर दाणा चेपतो पण फुटून वाहत नाही, अशी वेळ आली की हुरडा झाला. पानांनी तयार केलेली साखर अजून पुरती पिठात बदललेली नसते, म्हणून तो गोड लागतो. आणि पीठ धरायला लागलेलं असतं, म्हणून खाल्ल्यावर पोटाला आधार मिळतो. एका ताटाच्या बाबतीत हा काळ जेमतेम आठ-दहा दिवसांचा. त्याच्या आधी गेलात तर तोंडात नुसता चीक, नंतर गेलात तर दाताखाली टणक दाणा. हुरड्याचं आमंत्रण घाईचं असतं ते यामुळंच.

भाजण्याची रीत दिसायला सोपी आहे, पण तिच्यामागं बरंच शहाणपण आहे. शेतातच एक उथळ खड्डा करून त्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवतात. ही आगटी. जाळ संपून नुसता लाल विस्तव उरला की त्याच्या राखेत कणसं देठाला धरून खुपसतात आणि फिरवत राहतात. जाळावर धरलेलं कणीस वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. विस्तवात मात्र दाण्यातलं पाणीच त्याला आतून वाफवतं, वरचं बोंड कोरडं होऊन सुटं होतं. मग गरम कणीस तळहातांत धरून चोळायचं, किंवा पोत्यावर ठेवून चोळायचं आणि सुपात पाखडायचं. हात पोळतात, पण थांबून चालत नाही, कारण गार झाला की दाणा आवळतो, चिवट होतो. डब्यात भरून शहरात आणलेला हुरडा आणि आगटीच्या काठावरचा हुरडा यांच्या चवीत जो फरक पडतो तो केवळ वातावरणाचा नाही, दाण्यात खरोखरच बदल झालेला असतो. कुठल्या कणसाचा हुरडा चांगला, याचीही जाण लागते. गूळभेंडी, सुरती, कुचकुची या हुरड्यासाठी राखलेल्या जुन्या वाणांची बोंडं चटकन सुटतात आणि दाणा गोड असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं याच गुणांसाठी ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ हे वाण काढले. पण बहुतेक शेतकऱ्यांच्या रानात असते ती मालदांडी. तिच्यातून मोहोळच्या केंद्रावर निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण आज अनेक दशकं कोरडवाहू शेतकऱ्याला साथ देतो आहे. तिचा हुरडा गूळभेंडीइतका गोड नसतो. तरी तिच्याच रानात जास्त आगट्या पेटल्या, कारण ती भाकरीसाठी पेरलेली होती.

आता घरातल्या स्वयंपाकाकडे वळू. शेतात काही शिजवायचं नसलं तरी हुरड्याची अर्धी तयारी घरातच होते. खलबत्त्यात किंवा पाट्यावर कुटलेली शेंगदाण्याची चटणी, लसणाची लालभडक चटणी, जवसाची, कारळ्याची, तिळाची. जोडीला गुळाचा खडा, खोबऱ्याचा तुकडा, घट्ट दही, ताक. यातलं एकही फक्त चवीपुरतं नाही. हुरडा गोडसर आणि मऊ, म्हणून त्याला तिखट-खारट आणि कुरकुरीत जोड लागते. ज्वारीत तेलाचा अंश कमी, तो कारळं, तीळ, जवस आणि शेंगदाणे भरून काढतात. शिवाय जवस सोडलं तर ही गळिताची धान्यं खरिपात येऊन नुकतीच घरात पडलेली असतात. म्हणजे ताटलीत एकाच वेळी दोन हंगाम असतात: साठवलेला खरीप आणि अजून उभा असलेला रब्बी. उरलेला हुरडा घरी आला की त्याची फोडणी देऊन उसळ होते, वाटून थालीपीठं लागतात, आणि उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरला तर पावसाळ्यात भाजून खाता येतो. याच दिवसांत हरभऱ्याचे घाटे भरतात. डहाळे तसेच विस्तवावर टाकून हुळा करायचा, किंवा सोलाणे वाटून आमटी करायची. रात्रीच्या जेवणात बाजरीची भाकरी, उडदाचं घुटं, नाहीतर शेंगदाण्याच्या कुटाचा सातारी म्हाद्या. हे सगळं साधं अन्न आहे. त्यात दुर्मिळ किंवा महाग असं काही नाही, फक्त वेळ साधावी लागते.

वेळ साधणं आणि पिकाकडे चालत जाणं, हीच या भागातल्या सरत्या हिवाळ्याची करमणूक राहिली आहे, आणि ती हुरड्यापुरती नाही. कृष्णा-कोयनाकाठच्या कराड-पाटण-वाळवा पट्ट्यात जिथं जिथं गुऱ्हाळं उरली आहेत तिथं लोक याच दिवसांत जातात. चिपाडांवर चुलवाण धगधगत असतं, मोठ्या काहिलीत रस उकळत असतो, रानभेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी गुळव्या झाऱ्यानं काढत असतो; आणि पाक गुळाच्या अवस्थेला पोचण्याआधी वाटीत काकवी मिळते. इथंही खरी चव आहे ती मधल्या अवस्थेची. रस उसाचा आणि गूळ बाजाराचा, काकवी मात्र त्या काहिलीपाशी उभं राहणाऱ्याची. वाईत माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव एका घाटावरून दुसऱ्या घाटावर फिरत जातो, नदीकाठी पंगती बसतात. पाणी उतरलेलं, घाटाच्या पायऱ्या कोरड्या आणि ऊन अजून सोसवणारं, असे दिवस वर्षात थोडेच असतात. मराठवाड्यात लातूरकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवशीला, अख्खी गावं शिवारात जेवायला जातात. सुरतेला तापीकाठी हाच ज्वारीचा हिरवा दाणा पोंक म्हणून शेवेबरोबर खातात. या सगळ्यांत एक समान धागा आहे. आपल्याकडची हिवाळी सहल डबा घेऊन देखावा पाहायला जाणारी नव्हती. ती अन्न जिथं उभं आहे तिथं जाणारी होती.

जगातल्या थंड मुलखांतही हे असंच दिसतं, म्हणून ही केवळ आपली भावुकता नव्हे असं मला वाटतं. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात मार्चमध्ये रात्री पाणी गोठतं आणि दिवसा बर्फ वितळू लागतो. अशा चढउतारानंच मेपलच्या झाडात रस चढतो. साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक निघतो. कुटुंबंच्या कुटुंबं तेव्हा जंगलातल्या रसघरांत जातात, एका टेबलावर जेवतात आणि ताज्या बर्फावर ओतलेला गरम पाक काडीवर गुंडाळून खातात. आपल्या गुऱ्हाळाचंच हे उत्तरेकडचं भावंड म्हणायला हरकत नाही. पश्चिम आशियात हिरवा गहू शेतातच जाळावर भाजून चोळतात. त्याचं नाव फिरीक, आणि त्या अरबी नावाचा अर्थच ‘चोळलेलं’ असा आहे. पण फरक इथंच सुरू होतो. क्युबेकच्या माणसांनी रसघरात एक दिवस घालवला तरी मेपलचा पाक त्यांच्या स्वयंपाकघरात वर्षभर असतो. पॅलेस्टाइन-सीरियातल्या घरांत फिरीक भाताच्या जागी शिजतो. त्यांची सहल त्यांच्या रोजच्या ताटाला बांधलेली आहे. आपली सहल ताटापासून सुटत चालली आहे.

ती सुटली कशी, याची कारणं कुणा एकावर खापर फोडण्यासारखी नाहीत. महाराष्ट्रातलं ज्वारीचं क्षेत्र गेल्या चार-पाच दशकांत निम्म्याहून जास्त घटलं. रेशनवर गहू आणि तांदूळ स्वस्त मिळू लागले, तसा गावातल्या ताटातही चपाती-भात आला. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी सांगलीच्या कोरड्या तालुक्यांत आणि उरमोडी, जिहे-कठापूरचं पाणी माण-खटावकडे वळलं, तसे ऊस, द्राक्ष, डाळिंब वाढले. ज्या माणसांनी चारा छावण्यांत जनावरं सांभाळली, टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढले, त्यांना पाणी आल्यावर ऊस लावू नका असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. शाळू नकोसा होण्याचं आणखी एक कारण शेतकरी लगेच सांगेल. डोक्याहून उंच ताटं एकेक करून हातानं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. हे काम कंबर मोडणारं आहे, आणि त्याला मजूर मिळत नाहीत. त्यात पाखरं. पूर्वी अख्ख्या शिवारात शाळू असायचा तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांत विभागला जायचा. आता उसाच्या मधोमध एखाद-दुसरा तुकडा शाळूचा असतो आणि पंचक्रोशीतली पाखरं त्यावरच उतरतात. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायला घरात पोर नसतं, ते शाळेत असतं, आणि तिथंच असायला हवं. म्हणजे शेजाऱ्यानं शाळू सोडला की आपला शाळू परवडेनासा होतो, आणि आपण सोडला की त्याच्या पलीकडच्याचा. क्षेत्र घटण्याचा वेग असा स्वतःच्याच जोरावर वाढत जातो.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा येईल की मग हुरडा पार्ट्यांनी हे पीक वाचवलंच आहे की. कृषी पर्यटनाचं धोरण राज्यानं २०२०मध्ये आणलं. पुण्या-मुंबईहून गाड्या भरून लोक येतात, शेतकऱ्याला धान्याच्या भावापेक्षा कितीतरी जास्त पैसा हुरड्यातून मिळतो, गावातल्या बायकांना भाकरी-पिठल्याचं काम मिळतं. हे खरं आहे, आणि मी त्याला कमी लेखणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडत असतील तर ते चांगलंच. पण आकडा मांडून पाहावा. एक माणूस बसल्या बैठकीला फार तर दीडशे-दोनशे ग्रॅम हुरडा खातो. शंभर माणसं आली तरी तो पंधरा-वीस किलोच्या पुढं जात नाही. एवढ्यासाठी काही गुंठे पुरतात. म्हणूनच पर्यटनासाठी लावलेला हुरडा पाण्याखाली, टप्प्याटप्प्यानं पेरलेला असतो, म्हणजे प्रत्येक आठवड्याला कुठला तरी तुकडा हुरड्यात असावा. ही हुशारीची शेती आहे. पण तिनं जत किंवा माणच्या माळरानाकडेच्या काळ्या पट्ट्या शाळूखाली राहणार नाहीत. आता दुसरा हिशेब. पाच माणसांच्या घरात रोज एका वेळेला माणशी दोन भाकरी झाल्या, आणि एका भाकरीला पाऊणशे ग्रॅम पीठ धरलं, तर दिवसाला पाऊण किलो आणि वर्षाला पावणेतीन क्विंटलच्या आसपास ज्वारी लागते. कोरडवाहू शाळू एकरी तीन-चार क्विंटल देतो. म्हणजे एका घराची एका वेळेची भाकरी जवळजवळ एक एकर शाळू उभा ठेवते. एवढा शाळू पोसायला हुरड्याची किती गिऱ्हाइकं लागतील, याचा विचार करावा. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या निमित्तानं ज्वारीचे लाडू, बिस्किटं, पास्ता असं बरंच काही पुढं आलं. त्यातलं घरात टिकलं ते किती, हे ज्यानं-त्यानं आपल्या फडताळात पाहावं. भाकरीला मात्र जाहिरात लागत नाही, सवय लागते.

सवय म्हटली की दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला पहिल्याहून गंभीर वाटतो: ही भाकरी थापायची कुणी? ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून गरम पाणी घालून पीठ मळावं लागतं, लगेच थापावं लागतं, आणि गरमच खावं लागतं. पोळ्या सकाळी करून ठेवता येतात, भाकरी माणसाला तव्याजवळ उभं करते. आजवर ते उभं राहणं बायकांच्याच वाट्याला आलं. ज्वारी कमी झाल्याचं दुःख करणाऱ्या बहुतेक लेखकांनी हे सोयीनं बाजूला ठेवलेलं आहे. ज्या बाईनं पहाटे उठून दहा माणसांच्या भाकऱ्या थापल्या तिला चपाती सोयीची वाटली, यात तिची काही चूक नाही. पण हुरड्याकडे पाहिलं तर एक वेगळी गोष्ट दिसते. आगटीत कणसं भाजणं, चोळणं, पाखडणं ही कामं शेतात पुरुष आणि पोरं करतात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. उलट कुणाचा हात चांगला, याची चढाओढ असते. म्हणजे ज्वारीशी हात भाजून घ्यायला पुरुषांची ना नाही, फक्त ते शिवारात झालं पाहिजे, असा हा अलिखित नियम. तो नियम घराच्या उंबऱ्यापाशी थांबावा असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. ज्या हातांना आगटीत कणीस फिरवता येतं त्यांना परातीत भाकरी थापायला शिकणं अवघड नाही. गावोगावच्या महिला बचत गटांनी भाकरी विकायला सुरुवात केली आहे, तोही एक चांगला मार्ग आहे; त्यात किमान त्या श्रमाला दाम मिळतो.

कुणी असंही म्हणेल की हुरडा हे जमीनवाल्यांचं सुख होतं, रानात राबणाऱ्यांना त्यात काय मिळालं? शंका रास्त आहे. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता त्यांच्या वाट्याला काढणीची मजुरी जास्त आणि आगटीकाठची जागा कमी आली, हे नाकारता येत नाही. त्याचबरोबर हेही खरं की उभ्या पिकातून वाटसरूनं चार कणसं मोडून खाल्ली तर त्याला चोर म्हणायचं नाही, ही रीत शाळूच्या मुलखात होती. ती रीत उसाच्या, द्राक्षाच्या बागेत राहिली नाही, कारण तिथं प्रत्येक घडामागं कर्ज असतं. शाळूचं रान कमी झालं तशी ही मुभाही कमी झाली, आणि तिची भरपाई तिकीट काढून मिळणाऱ्या सहलीनं होत नाही.

म्हणून या माघात कुणी साताऱ्या-सांगलीकडे हुरड्याला निघालं असेल तर जरूर जावं. पण परतताना ज्याच्या रानात बसलात त्याच्याकडून काढणीनंतरची दोन-तीन पोती ज्वारी आताच ठरवून यावी. मालदांडीच मागावी. तिची भाकरी पांढरी, मऊ आणि चवीला गोडसर होते. काढणीपूर्वी गिऱ्हाईक नक्की असलं, तर पुढच्या भाद्रपदात पेरणीच्या वेळी काय लावायचं याचा शेतकऱ्याचा विचार बदलू शकतो, आणि तसं दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून केलं तर पाखरांचा वाटाही पुन्हा विभागला जाईल. कडबा गोठ्यातल्या खिलारांना होतोच. आटपाडी-खरसुंडीच्या बाजारात ज्या जनावरांचं नाव आहे ती याच वाळल्या ताटांवर पोसलेली आहेत. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असं म्हणतात. तोवर दाणा टणक झालेला असतो, काळ्या रानाला भेगा पडू लागलेल्या असतात आणि उपटणी तोंडावर आलेली असते. तरीही बांधाच्या कडेला, जिथं सावली पडते आणि ओल थोडी जास्त टिकते, तिथं उशिरा निसवलेली काही कणसं अजून हिरवी असतात. जाणता शेतकरी काढणीच्या आदल्या संध्याकाळी तेवढीच मोडून आणतो, चार गोवऱ्या पेटवतो, आणि दुसऱ्या दिवशी उपटणीला येणाऱ्या माणसांना निरोप धाडतो.